बारक्याचा आवाज

बेळगावच्या पश्चिमेला, चंदगडकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावातला हा मुलगा आज २६ वर्षांचा आहे. दहाव्या वर्षी त्याने एका मराठी चित्रपटात मुख्य बालकलाकाराचं काम केलं. अकराव्या वर्षी तो तालुक्याला माहीत झाला. चौदाव्या वर्षी काम बंद झालं, आणि एकोणिसाव्या वर्षी तो पुन्हा नट झाला, पण दुसऱ्याच भाषेत, दुसऱ्याच रंगमंचावर. गावच्या सरकारी मराठी शाळेत मी त्याचा शिक्षक होतो. त्याचं पहिलं नाटक मी बसवलं. पुढे जे बिघडलं त्यातही माझा वाटा आहे, म्हणून हे लिहायला घेतलं. लिहिलेलं सगळं त्याला आणि त्याच्या आईवडिलांना वाचून दाखवलं आहे. नाव, गाव आणि चित्रपट त्यांच्या इच्छेप्रमाणे वगळले आहेत. घरात त्याला बारक्या म्हणतात, मीही इथे तेच म्हणतो.

वडील उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर कामाला होते. सकाळची शिफ्ट करायची आणि दुपारनंतर शेतात उतरायचं. शेत थोडंच, तांबड्या मातीचं, भाताचं आणि रताळ्यांचं. रताळ्यांची पोती मार्केट यार्डात गेली की वर्षाचा वरखर्च निघायचा. घरात आई, आजी आणि तीन वर्षांनी मोठी अक्का. नाटकाचा वारसा असा काही नव्हता. पण आमच्या भागात गावच्या यात्रेला नाटक लागतंच. गावातलीच पोरं दोन महिने देवळात तालमी करतात. स्त्रीभूमिकेला बाहेरून नटी बोलावतात, पडदे आणि रंगभूषेवाला भाड्याने येतो, रात्री दहाला नांदी होते आणि पहाटे कधीतरी शेवटचा पडदा पडतो. बारक्याचा काका त्यात काम करायचा. पोरगं तालमीत त्याच्या मांडीवर झोपायचं. सातव्या वर्षी त्याला अख्खं नाटक पाठ होतं, सगळ्यांच्या भूमिकांसकट.

तो चौथीत असताना मी स्नेहसंमेलनासाठी वीस मिनिटांची नाटिका बसवली. संवाद मी पुस्तकी मराठीत लिहिले होते, तो ते घरच्या बोलण्यात फिरवून घ्यायचा. ‘मी येणार नाही’ असं लिहिलेलं असेल तर हा म्हणणार, ‘मी येत नाही जा की.’ वाक्याच्या शेपटीला तो ‘की’ लागला की खोलीतली सगळी पोरं त्याच्याकडे बघायची. दोन-तीनदा मी दुरुस्त केलं आणि मग सोडून दिलं. या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून जी थोडी बरी कामं झाली, त्यातलं हे पहिलं.

त्याच वर्षी एका चित्रपटाची मंडळी सीमाभागातल्या शाळांमधून मुलगा शोधत फिरत होती. दिग्दर्शकाने बारक्याला संवाद दिलाच नाही. ‘आज काय जेवलास?’ एवढंच विचारलं. त्यावर हा पाच मिनिटं बोलला. आजीने केलेली आमटी, अक्काने पळवलेला पापड, मांजराने सांडलेलं दूध. तेवढ्यावर निवड झाली. चित्रीकरण जवळजवळ दोन महिने चाललं. त्या दोन महिन्यांत हजेरीपटावर मी त्याला हजर दाखवत राहिलो. गावाला अभिमान वाटत होता, मलाही वाटत होता, आणि चौथीच्या पोराचं दोन महिन्यांत काय बुडणार असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. त्याचे भागाकार आणि अपूर्णांक बुडाले. ते पुढे त्याला एसएसएलसीपर्यंत, म्हणजे इकडच्या दहावीपर्यंत, छळत राहिले.

शाली

चित्रपट चालला. मुंबई-पुण्यात बरा चालला, बेळगावात फारच. पडद्यावर आपलं बोलणं ऐकायला लोक दोन-दोनदा गेले. आमच्याकडची मराठी पडद्यावर ऐकू येते ती एकतर विनोदासाठी, नाहीतर येतच नाही. इथे तीच बोली नायकाच्या तोंडी होती. पोरगं रडायचं, भांडायचं, हसायचं आणि सगळं ‘की’ लावून. लोकांना काय वाटलं असेल ते मला आजही नीट सांगता येत नाही. माझी स्वतःची आई, जिने आयुष्यभर पुण्याच्या पाहुण्यांसमोर कमी बोलायची सवय लावून घेतली होती, ती थेटरातून आल्यावर दोन दिवस मोठ्याने बोलत होती.

मग सत्कार सुरू झाले. तरुण मंडळं, पतसंस्था, गणेशोत्सव, शाळा, यात्रा कमिटी. प्रत्येक ठिकाणी फेटा, शाल, श्रीफळ आणि फलक. प्रत्येक ठिकाणी त्याला चित्रपटातला एक ठराविक संवाद म्हणायला लावायचे. पहिल्या दोन-तीन कार्यक्रमांत तो संवाद म्हणताना त्याचे डोळे भरायचे. पुढे मी बघत गेलो तर डोळे कोरडे, पण गळा बरोबर त्याच जागी दाटून यायचा आणि हात बरोबर त्याच जागी वर जायचा. चित्रपटात त्याने अभिनय केला नव्हता, तो नुसता असला होता, आणि कॅमेऱ्याने ते टिपलं होतं. आता आम्ही त्याला स्वतःची नक्कल करायला शिकवत होतो. सहा महिन्यांत तो त्यात पटाईत झाला. हे नुकसान त्या वेळी एकालाही दिसलं नाही, कारण टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडत होत्या.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासून इथला मराठी माणूस १ नोव्हेंबरला काळा दिन पाळतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून तिथेच आहे. अशा ठिकाणी मराठी चित्रपटात चमकलेलं पोर नुसतं पोर राहत नाही, ते निशाण होतं. त्याला सभांच्या व्यासपीठावर बसवलं गेलं. ‘सीमाभागाचा सुपुत्र’ असा फलक चौकात लागला. मी सीमाप्रश्नाच्या बाजूनेच आहे, माझे वडील त्यासाठी तुरुंगात जाऊन आले. तरीही अकरा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ते ओझं द्यायला नको होतं असं आज मला वाटतं. त्या फलकावरचा चेहरा दोन पावसाळ्यांत पुसट झाला. शाळेला जाताना रोज तो त्याच्याखालून जायचा.

घरात जे झालं ते बाहेर दिसलं नाही. चित्रपटाच्या पैशांतून कौलं गेली आणि घरावर स्लॅब पडला. त्यानंतर वडील त्याला रागावले की आजी म्हणायची, ‘त्याला बोलू नको, त्याच्यामुळं स्लॅब पडलाय.’ वाक्य प्रेमाचं होतं, पण त्याने घरातल्या जागा बदलल्या. बाप पोराला अभ्यासाला बसवायचा तो थांबला. अक्काचं बारावीनंतर काय, याचा विचार मागे पडला. ती आता दोन मुलांची आई आहे. मागच्या दिवाळीत ती मला म्हणाली, ‘सर, त्याचा फोटो पेपरात आलेला दिवस सगळ्यांना आठवतोय. त्याच दिवशी माझा निकाल होता.’

तेव्हा बालकलाकारांसाठी कायद्याने नीट चौकट नव्हती. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांत बालकलाकारांच्या अटी आल्या. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांच्या वर नाही, शिक्षणात खंड पडू द्यायचा नाही, ५ मुलांमागे किमान एक जबाबदार माणूस, चित्रीकरणाआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, आणि मुलाच्या कमाईतला निदान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावाने मुदत ठेवीत, जो तो सज्ञान झाल्यावर त्याला मिळेल. शिवाय मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामात घ्यायचं नाही. बारक्याच्या वेळी यातलं काहीच झालं नाही. पैसे कुणी खाल्ले नाहीत, वडील प्रामाणिक माणूस आहेत. पण सतराव्या वर्षी, जेव्हा त्याला स्वतःच्या पैशांची खरी गरज होती, तेव्हा ते पैसे घराच्या डोक्यावर सिमेंट होऊन बसले होते.

दुसऱ्याचा आवाज

बाराव्या वर्षी दुसरा चित्रपट मिळाला. या वेळी वडिलांनी कारखाना सोडला. मुलाबरोबर कुणीतरी हवं होतं, आणि एव्हाना घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं की आता हेच पुढे चालणार. निम्मं चित्रीकरण झालं आणि निर्मात्याचे पैसे संपले. काम जवळजवळ वर्षभर थांबलं.

मुलांचा आवाज साधारण बारा ते पंधराच्या दरम्यान फुटतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. उतरताना तो महिनोन्‌महिने स्थिर राहत नाही. बारक्याचा आवाज त्या वर्षभरात फुटला. उंचीही वाढली. चित्रीकरण पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याला लांबून किंवा पाठमोरा दाखवून उरलेली दृश्यं उरकली. डबिंगला त्याला बोलावणं आलंच नाही. आम्हाला वाटलं, उशीर होतोय.

चित्रपट लागला तेव्हा गावातून टेम्पो भरून लोक बेळगावला गेले. मीही होतो. पडद्यावर बारक्या आला, तोंड उघडलं, आणि आवाज दुसऱ्याच मुलाचा आला. गोड, स्वच्छ, शहरी आवाज. ‘की’ नाही, हेल नाही. मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग सगळे गप्प झाले, ते शेवटपर्यंत गप्पच राहिले. बारक्या माझ्या डावीकडे बसला होता. तो उठून गेला नाही. पूर्ण चित्रपट बघितला. टेम्पोतून परत येताना त्याने एकच विचारलं, ‘सर, ह्यांनी मला विचारलं का नाही?’

जुन्या संगीत नाटक कंपन्यांना हा प्रश्न ठाऊक होता. मुलांच्या गळ्यावर त्यांचे खेळ चालायचे आणि गळा कधीतरी फुटणार हे तालीममास्तरांना माहीत असायचं. पण मुलगा कंपनीतच राहायचा, जेवायचा. तेवढ्या काळात बारीकसारीक भूमिका, पडदा ओढणं, प्रॉम्प्टिंग असं काहीतरी हाताशी असायचं, आणि कानावर रोज नाटक पडायचं. चित्रपटात अशी पडवी नाही. काम संपलं की मुलगा थेट घरी येतो. तिथे त्याची वाट बघत असतात सातवीची पुस्तकं आणि त्याच्यापुढे गेलेली पोरं.

पुढची पाच वर्षं फार लिहिण्यासारखी नाहीत. ऑडिशनला बोलावणी आली, मग कमी झाली, मग थांबली. लहान मुलासाठी तो मोठा होता आणि मोठ्यासाठी लहान. एसएसएलसीला गणितात गेला, पुरवणी परीक्षेत सुटला. पाहुणे आले की सचिन पिळगावकरांचं उदाहरण द्यायचे. पाच-सहा वर्षांच्या वयात, १९६३ साली पहिला चित्रपट, १९७५ साली नायक, पुढे दिग्दर्शक. उदाहरण खरं आहे. पण तो मुलगा मुंबईत वाढला, स्टुडिओ त्याच्या घरापासून लोकलच्या अंतरावर होते आणि मधल्या काळातही तो कामात राहिला. मला त्या दिवसांत दुसरंच नाव आठवायचं, पण ते मी घरात कधी काढलं नाही. ‘सलाम बॉम्बे’ या १९८८ च्या चित्रपटातला शफीक सय्यद. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला बालकलाकार, जो पुढे बंगळुरात ऑटोरिक्षा चालवत होता. रिक्षा चालवण्यात कमीपणा काही नाही. पण ज्या कामासाठी देशाने त्याला पुरस्कार दिला, त्या कामावर त्याला पुढे उभं राहता आलं नाही, हे मनातून जात नव्हतं.

सोळाव्या वर्षी बारक्या जवळजवळ बोलेनासा झाला होता. मी त्याला कुमार गंधर्वांची गोष्ट सांगितली. आपल्या इथल्याच सुळेभावीचे. १९२४ चा जन्म, मूळ नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ. लहानपणीच गाण्याने थक्क करून ‘कुमार गंधर्व’ झाले. मग ऐन उमेदीत क्षय झाला, १९४८ मध्ये देवासला गेले, डॉक्टरांनी गाणं बंद केलं. त्या बिछान्यावरच्या वर्षांत माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले, आणि पुन्हा गायला लागले ते एका फुप्फुसाच्या बळावर, वेगळंच गाणं घेऊन. मला वाटलं याने धीर येईल. बारक्या म्हणाला, ‘त्यांना डॉक्टरांनी गप्प बसवलं होतं सर. मला कोण बोलवतच नाही.’ त्याचं बरोबर होतं. आजारी माणूस बरा होण्याची वाट बघतो. ज्याला कुणी बोलवत नाही त्याने कशाची वाट बघायची, हे मला सांगता आलं नाही.

पुणे

सतराव्या वर्षी पीयूसी, म्हणजे इकडची अकरावी-बारावी, अर्धवट सोडून तो पुण्याला गेला. आईची बोरमाळ सोसायटीत तारण ठेवली. तिघांत एक खोली घेतली, सकाळी एका दुकानात काम आणि दुपारी ऑडिशन. दोन वर्षांत मालिकांमध्ये मिळून जेमतेम आठवडाभराचं काम झालं.

पहिल्या वर्षी सगळीकडे एकच सांगणं होतं, ‘बेळगावी टोन काढ.’ ज्या बोलण्यावर त्याची निवड झाली होती तेच आता अडचण झालं होतं. त्याने वहीत शब्द लिहून, फोनवर स्वतःला ध्वनिमुद्रित करून, बातम्या ऐकून ती बोली घासून काढली. गावाला आला की आमच्याशीही तसाच बोलायचा. आई म्हणायची, ‘पाहुण्यासारखं काय बोलतोस रे?’ दुसऱ्या वर्षी ग्रामीण कथानकाच्या मालिकांची लाट आली आणि त्याला एका ठिकाणी बोलावलं. तिथे वाचन ऐकून सांगितलं, तुझ्या बोलण्यात गावाचा गंध नाही. त्या रात्री त्याने मला फोन केला. काही बोलला नाही, नुसता फोन धरून होता. मी म्हणालो, ‘घरी ये.’ दुसऱ्या दिवशी आला.

माझी दुसरी मोठी चूक इथली. तो पुण्याला निघाला तेव्हा त्याला अभिनयाचं काहीच शिक्षण नव्हतं आणि हे मला माहीत होतं. त्याला चालता येत नव्हतं. म्हणजे रंगमंचावर कसं चालायचं, श्वास कुठे घ्यायचा, हातांचं काय करायचं, यातलं काही येत नव्हतं. दहाव्या वर्षी ते लागलं नाही. सतराव्या वर्षी त्याच्या शेजारी रांगेत उभी असलेली पोरं एकांकिका स्पर्धांमधून पाच-पाच वर्षं भाजून निघालेली होती. त्यांना ओळखणारं कुणी नव्हतं, पण त्यांना काम येत होतं. याला ओळखणारे थोडेफार होते आणि काम येत नव्हतं. मी हे त्याला सांगायला हवं होतं. त्याचं मन मोडेल म्हणून सांगितलं नाही. मग ते पुण्याने सांगितलं, आणि परक्यासारखं सांगितलं.

हिंद कुंतावग

परत आल्यावर तो वडिलांबरोबर उद्यमबागेत जाऊ लागला. वडील पुन्हा लेथवर, हा हेल्पर. तिथे निम्मी माणसं कन्नड बोलणारी. शाळेत कन्नड विषय होताच, आता ती जिभेवर आली. त्याच हिवाळ्यात एका मंडप-लाइटवाल्याबरोबर तो चार पैसे मिळवायला बनशंकरीच्या जत्रेला गेला. बदामीजवळची ही जत्रा पौष पौर्णिमेला भरते आणि पुढे महिनाभर चालते. तिथे कन्नड नाटक कंपन्यांचे तंबू लागतात. कन्नडमध्ये याला वृत्ति रंगभूमी म्हणतात. आपल्याकडच्या कंपन्या कधीच्या मिटल्या, उत्तर कर्नाटकात त्या अजून जत्रांच्या आधाराने तग धरून आहेत.

बारक्या दिवे सांभाळत होता. तिसऱ्या-चौथ्या रात्री हवालदाराचं काम करणारा नट कंपनी सोडून गेला. याला दोन-तीन खेळांत अख्खं नाटक पाठ झालं होतं, लहानपणी देवळात व्हायचं तसंच. मालकांनी विचारलं, हा उभा राहिला. पाच वाक्यं होती. तिसऱ्या वाक्याला विंगेतून मालक ओरडले, ‘हिंद कुंतावग केळबेकु!’ मागे बसलेल्याला ऐकू गेलं पाहिजे.

तो त्या कंपनीत दोन वर्षं राहिला. काय शिकलास असं मी विचारलं तेव्हा त्याने जे सांगितलं ते इथे माझ्या शब्दांत देतो. एक म्हणजे तिथे त्याला कुणी ओळखत नव्हतं. चित्रपट मराठी, जत्रा कन्नड. त्यामुळे ‘तोच ना तू?’ हा प्रश्न दोन वर्षांत एकदाही आला नाही. दुसरं, आज खेळ पडला तर उद्या रात्री पुन्हा तोच खेळ होता. चित्रपटाच्या त्या एका संधीने तो पाच वर्षं जगला किंवा मेला होता. इथे हसू आलं नाही तर उद्या अर्धा श्वास थांबून बोलून बघायचं, परवा पाठ फिरवून. जत्रेच्या दिवसांत रात्रीत दोन-दोन खेळ व्हायचे. शंभरेक रात्रींनंतर त्याला समजलं की हसू वाक्यात नसतं, वाक्याच्या आधीच्या थांबण्यात असतं. आणि तिसरं, फुटलेला आवाज. तेराव्या वर्षापासून तो आपल्या नव्या आवाजाला घाबरून बारीक बोलायचा. तंबूत बारीक बोलून चालत नाही. पोटातून आवाज काढता काढता एका रात्री त्याला स्वतःचा आवाज आवडला. हे सांगताना तो लाजला होता.

गावात सगळ्यांना हे रुचलं नाही. लहानपणी ज्यांनी त्याला व्यासपीठावर बसवलं त्यातल्या एकाने मला चौकात अडवून विचारलं, ‘सुपुत्र आता कन्नड कंपनीत का?’ बारक्याच्या आईने परस्पर उत्तर दिलं, ‘नाटकच करतंय की. चोरी करत नाही.’ मला तिथे जे सुचलं नाही ते आता लिहितो. १८४२ च्या सुमाराला उत्तर कानडा जिल्ह्यातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आली. ते बघून सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत असं काही करायला सांगितलं, आणि ५ नोव्हेंबर १८४३ ला भाव्यांचा पहिला खेळ झाला. म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. त्याच १८४३ सालच्या मार्चमध्ये संगीत नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर गुर्लहोसूरला जन्मले, जे आज बेळगाव जिल्ह्यात आहे. मराठी नाटकाच्या पायाचा एक दगड कर्नाटकातून आलेला आहे. आमचं पोर त्याच वाटेने उलटं चालत गेलं, यात मराठीचं काय गेलं?

आता

कंपनी त्याने वडिलांच्या आजारपणामुळे सोडली. वडील बरे झाले, पण लांब राहणं परवडेना. गेल्या काही वर्षांत दाक्षिणात्य चित्रपट मराठीत डब होऊन वाहिन्यांवर लागतात. कोल्हापूरच्या एका ओळखीतून त्याला त्यात काम मिळालं. आधी गर्दीतले आवाज, मग छोटी पात्रं, आता कन्नड चित्रपटांचे मराठी संवाद लिहायलाही त्याला बसवतात. त्याने मला एकदा समजावून सांगितलं. कन्नड आणि मराठी दोन्हींत क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे नटाचा भाव आणि शब्द एका जागी पडतात. मग ओठ बघायचे. प, ब, म आले की ओठ मिटतात, तिथे मराठीतही ओठ मिटणारा शब्द हवा. त्यासाठी मूळ वाक्य नुसतं समजून भागत नाही, ते तोंडात घोळवावं लागतं. गावाकडच्या पात्रांना तो आमची बोली देतो. परवा एका चित्रपटात एक म्हातारा शेतकरी ‘बस की जरा’ म्हणाला आणि माझी आई टीव्हीसमोरून उठलीच नाही.

एकदा बालकलाकाराच्या भूमिकेसाठी आवाज निवडायचा होता. मूळ मुलाचा आवाज फुटत आलेला, खरबरीत होता. बाकीच्यांना गोड आवाजाची मुलगी चालणार होती. बारक्याने दोन दिवस शोधून तसाच खरबरीत आवाजाचा, आठवीतला मुलगा आणला. कारण कुणाला सांगितलं नाही. मलाही त्याच्या बायकोकडून कळलं.

नट म्हणून नाव झालं आहे का? नाही. दोन मालिकांत मधल्या भूमिका झाल्या, एका वेब मालिकेत तीन दृश्यं. त्याची चित्रपटाची इच्छा गेलेली नाही आणि ती गेली आहे असं तो दाखवतही नाही. सोसायटीचं कर्ज मागच्या वर्षी फिटलं. बोरमाळ परत आली ती आईने अक्काच्या मुलीसाठी ठेवली आहे.

यंदा गावच्या यात्रेच्या नाटकाची तालीम चालू असताना मी देवळात होतो. बारक्या पोरांना आवाजाचं सांगत होता. तेवढ्यात शेजारच्या गावातले एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तिला कोल्हापूरहून ऑडिशनचं बोलावणं आलं होतं आणि याचा सल्ला हवा होता. वडील भराभरा बोलत होते, दिग्दर्शक कोण, बॅनर कुठलं. बारक्याने ऐकून घेतलं. मग विचारलं, चित्रीकरण परीक्षेच्या आधी की नंतर. पैसे कुणाच्या खात्यात जाणार. डबिंग तिचंच असेल असं कागदावर लिहून देतात का. गृहस्थांना तिन्हींची उत्तरं माहीत नव्हती, ते लिहून घेऊ लागले.

मुलगी दीपमाळेशी खेळत होती. बारक्या उठून तिच्याजवळ गेला, उकिडवा बसला आणि म्हणाला, ‘तुला जायचंय काय?’

तिने आधी वडिलांकडे बघितलं. मग याच्याकडे.

‘एक दिवस जाऊन बघते की,’ ती म्हणाली. ‘नाही बरं वाटलं तर येते परत.’